बटणाचं आत्ता नको

“मावशी, हात दाखवा ना पाहुण्यांना.”

मॅडम हे इतकं सहज म्हणाल्या, की साडीचा काठ दाखवायला सांगतायत असं वाटावं. माझी आई सोफ्याच्या कडेला बसली होती. अर्धी बसलेली, अर्धी उठायच्या बेतात. मोठ्या घरात ती अशीच बसते. उजवा हात पदराखाली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी वाकून तिचं मनगट धरलं, पदर बाजूला सारला आणि हात वर उचलून धरला.

अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं मुळापासून नाहीत.

पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. मी ते बघितलं आणि मला त्यांचा राग आला. रडायचं होतं तर आधी आईला हात खाली घेऊ द्यायचा होता.

रविवारची दुपार. प्राधिकरणातला बंगला. बंगला डॉक्टर मॅडमचा. त्यांची एक संस्था आहे, चाकण पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांसाठी आरोग्य शिबिरं घेते. मी त्या संस्थेत नर्स. बीएस्सी नर्सिंग केलंय, सरकारी कॉलेजातून. मार्क भरपूर होते, तरी शिकून बाहेर पडेपर्यंत ‘कोट्यातली’ हेच ऐकलं. हल्ली लोक जात विचारत नाहीत. आडनाव विचारतात. मग मूळ गाव विचारतात. मग दापोडीत राहते म्हटलं की “दापोडीत कुठं?” विचारतात. विहाराच्या मागं, म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. चेहऱ्यावरचं हसू तेवढं तसंच राहतं.

त्या दुपारी माझं पुढचं ठरायचं होतं.

सार्वजनिक आरोग्यात पुढं शिकायला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी मला घेतलं होतं. एक या पाहुण्या बाईंचं. त्या तिथं प्राध्यापक. कोर्सचं नाव लांबलचक, जागतिक आरोग्य आणि लोकसहभाग वगैरे. फी, विमान, राहणं, खाणं, सगळं फुकट. कारण त्या दिवशीचे दुसरे पाहुणे म्हणजे एका मोठ्या गाडी कंपनीचे साहेब, आणि त्यांच्या कंपनीचा समाजकार्याचा निधी त्याला लागणार होता. दुसरं विद्यापीठ दुसऱ्याच देशातलं. तिथं साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र. कामाच्या जागी माणसं कशानं आजारी पडतात, कशानं लुळी होतात, ते मोजायचं शिक्षण. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. तिथं जायचं तर सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळायला हवी. ती मिळाली तर जाणं, नाहीतर घरी बसणं. आणि शिष्यवृत्तीची निवड जाहीर व्हायची होती.

मॅडमना मी दोन्हीचं सांगितलं होतं. दुसऱ्याचं ऐकून त्या हसल्या.

“अगं, ते सगळं गणित आहे. कशाला डोकं फोडून घेतेस? तुझ्याकडे गोष्ट आहे. गणित करायला बाकीचे आहेत.”

मला ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं, मॅडम म्हणतात माझ्याकडं गोष्ट आहे. आई भाकरी थापत होती. डाव्या हातानं थापते ती आता, उजव्याच्या अंगठ्यानं कड सावरते. म्हणाली, “कुटं ठिवलीस?”

तरीही मी पहिल्यालाच हो म्हणणार होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागू नये, एवढं शहाणपण आम्हाला जन्मापासून असतं. दुसरं काही नसलं तरी हे असतं. त्या आठवड्यात होकार कळवायचा होता, आणि मॅडम म्हणाल्या, “रविवारी जेवायलाच या. आईंना घेऊन ये. पाहुण्यांना त्यांना भेटायचंय.” आईनं ठेवणीतली साडी काढली. ब्लाउजची बाही इस्त्री केली. बसमध्ये मला दोनदा विचारलं, “त्येंच्या घरी चप्पल कुटं काढायची असती गं?”

जेवणाचं आधी सांगते, कारण ते गिळलं म्हणून पुढचं गिळायला लावलं.

टेबलावर मॅडम, त्यांचे मिस्टर, कंपनीचे साहेब, प्राध्यापक बाई आणि मी. एक खुर्ची रिकामी होती. आई त्या खुर्चीकडं चालली, तर मॅडम लगबगीनं पुढं आल्या. “मावशी, तुम्ही इथं सोफ्यावर बसा निवांत. टीपॉय देते. तुम्हाला डाव्या हातानं जेवायची सवय ना, तिथं संकोच नको.” आणि ताट तिकडं गेलं. स्टीलचं. टेबलावर काचेची ताटं होती. आई म्हणाली, “हितंच बरं हाय मला.” ती नेहमीच तसं म्हणते. मी काचेच्या ताटातली पुरी मोडली आणि खाल्ली. घशाखाली उतरली सुद्धा. माणूस किती गिळू शकतो याला अंत नाही.

जेवण झालं, आंब्याची वाटी फिरली, आणि मग मॅडमना आईचा हात आठवला.

आता बटणाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आई चाकणच्या पुढं एका शेडमध्ये प्रेसवर होती. गाड्यांचे पत्र्याचे छोटे पार्ट. कंत्राटदाराचा टेम्पो सकाळी कासारवाडीला नाशिक फाट्यावर यायचा, तिथून बायका भरून न्यायचा, तसाच परत आणायचा. प्रेसला दोन बटणं असतात. एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येईल तेव्हा दोन्ही हात बटणावर, बोटं शाबूत. मशीन बनवणाऱ्यानं अक्कल वापरली होती. पण दोन्ही हात बटणाला गुंतले तर पार्ट कोण सरकवणार? उत्पादन पडतं. म्हणून सुपरवायझर एक बटण कायमचं दाबून ठेवतो, वरून रबर नाहीतर चिकटपट्टी गुंडाळतो. मग बाईनं एका हातानं दुसरं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हातानं पार्ट सरकवायचा. माल पटापट निघतो. याला तिकडं ‘बटण बांधणं’ म्हणतात. टेम्पोत चढताना बायका एकमेकींना विचारायच्या, “आज बटण बांधलंय का गं तुज्या मशीनला?” जसं कुणी विचारावं, आज नळाला पाणी आलंय का.

आईच्या मशीनचं बांधलेलं होतं. मालकानं दवाखान्यात नेलं, दिवाळीला घरी मिक्सर पाठवला. ज्या बाईला झाकण दाबायला हात उरला नाही तिला मिक्सर. आणि तिच्या जागी दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरकडची एक सून बसली. बटण तसंच.

पुढं मी संस्थेत लागले. एका शिबिराला बीपी तपासायला आईला घेऊन गेले. मॅडमनी हात बघितला, कसं झालं विचारलं. आई म्हणाली, “बटण बांधलेलं व्हतं मॅडम.”

“बटण? कशाचं?”

“उजव्या हाताचं.”

मॅडमनी आईच्या उजव्या बाहीकडं बघितलं. मान डोलावली. मागं रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, कारण मॅडमना ब्लाउजच्या बाहीचं बटण वाटलं होतं. मलाही हसू आलं. शिकलेल्या माणसाची गंमत.

पण महिन्याभरात त्या गमतीची मोहीम झाली. शेडाशेडांत पोस्टर लागली. चित्रात एक बाई, तिची बाही सैल, पदर मोकळा, हातात बांगड्या, आणि वर लाल फुली. खाली ओळ: ‘बाही, पदर, बांगड्या आवरा. बोटं वाचवा.’ मोहिमेला पैसा आला, पाहुणे आले, फोटो निघाले. शेडवाल्यांना तर पोस्टर फारच आवडलं. आनंदानं भिंतीवर जागा दिली. मी ऑफिसात मॅडमना एकदा सांगितलं सुद्धा, की मॅडम, बाहीचं नाही, मशीनचं बटण. त्या फोनवर होत्या. “हो हो, बघू,” म्हणाल्या. मला वाटलं, गडबडीत आहेत, कळलं नसेल. पुन्हा सांगू कधीतरी. मीच ती पोस्टरं चिकटवत फिरले. बायकांना म्हणायचे, मावशी, बांगड्या काढून ठेवा.

आणि ही प्राध्यापक बाई आली होती ती त्याच मोहिमेवर खूश होऊन. तिच्या कोर्समध्ये मी हेच करायचं होतं: गरीब कामगार बायकांच्या सवयी कशा बदलाव्यात. त्याला तिकडं ‘वर्तनबदल’ म्हणतात. माझा प्रबंधही ठरला होता जणू. आईचा हात हे पहिलं पान.

तर बाईंनी डोळे पुसले आणि इंग्रजीत विचारलं, हे कसं झालं, त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडेल. मॅडमनी मराठीत विचारलं. आईचा हात अजून त्यांच्याच हातात होता. आई खाली बघत म्हणाली, “बटण बांधलेलं व्हतं.” पहिल्यांदा म्हणाली होती तेच. एक शब्द इकडं तिकडं नाही.

मॅडमनी भाषांतर केलं. म्हणाल्या, ती सांगतेय, तिचे कपडे सैल होते, तिचं लक्ष नव्हतं, तेव्हा तिला माहिती नव्हती, आता ती इतर बायकांना सावध करते.

बाई म्हणाल्या, किती धीराची आहे. एक फोटो घेतला तर चालेल का, फक्त हाताचा?

मॅडम आईला म्हणाल्या, “मावशी, फोटो घेऊ ना?”

“घ्या की,” आई म्हणाली.

मी उठले. काय करतेय ते मला कळत होतं. टेबलाला वळसा घालून सोफ्यापाशी गेले, आईच्या हातावर माझा हात ठेवला, पूर्ण झाकून टाकला. आणि बाईंना इंग्रजीत म्हणाले, “तिचं लक्ष होतं. कपडे सैल नव्हते. मशीनला दोन बटणं असतात. त्यातलं एक सुपरवायझरनं बांधून ठेवलं होतं, माल जास्त निघावा म्हणून. आई हे म्हणाली.”

कंपनीचे साहेब मोबाईलमध्ये बघायला लागले. मोबाईल बंद होता.

मॅडम हसल्या. पाहुण्यांकडं बघून हसल्या, आणि त्याच हसऱ्या तोंडानं, आवाज न चढवता, मराठीत मला म्हणाल्या, “बटणाचं आत्ता नको.”

बटणाचं आत्ता नको.

म्हणजे त्यांना माहीत होतं. बाहीचं नाही, मशीनचं, हे माहीत होतं. केव्हापासून कोण जाणे. पोस्टर छापताना माहीत होतं. मी उन्हातान्हात ती चिकटवत फिरत होते तेव्हा माहीत होतं. न कळणाऱ्या माणसाला समजावता येतं. मी इतके दिवस त्याच आशेवर नोकरी केली. पण ज्याला सगळं कळून झालंय, त्याला काय समजावणार? काचेचं ताट उचलून फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. फेकलं असतं तर पुढं सगळ्यांनी ताटाचीच गोष्ट सांगितली असती.

प्राध्यापक बाईंनी विचारलं, हे खरं आहे का?

साहेब म्हणाले, “मॅडम, आमच्या प्लँटमध्ये झीरो ॲक्सिडेंट आहेत. पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरकडं काय चालतं ते आमच्यावर कसं काय येतं?” हे ते मराठीत म्हणाले, मॅडमना. इंग्रजीत म्हणाले, सुरक्षितता ही आमची पहिली जबाबदारी आहे.

बाईंनी फोटोसाठी काढलेला फोन खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून, फार मऊ आवाजात, म्हणाल्या की हे गुंतागुंतीचं आहे, माझा संताप त्यांना समजतो, आणि वर्गात तो फार मोलाचा ठरेल. पण या कोर्समध्ये आपला भर माणसांच्या सवयींवर असतो.

संताप सुद्धा त्यांना वर्गात हवा होता. जिवंत.

मी म्हणाले, “मी तुमच्या कोर्सला येत नाही.”

“भावनेच्या भरात बोलतेय ती,” मॅडम म्हणाल्या. “बस गं, चहा घेऊ.”

आणि आता आई बोलली. हात पदराखाली घेत, गडबडीनं, “न्हाई वो मॅडम, येती ती. खुळी हाय. तुमी मनावर घिऊ नका.” पाहुण्या बाईंना कळावं म्हणून तिनं दोन्ही हात जोडले. जोडता येत नाहीत तिला. तरी जोडले.

ते मला अजून बघवत नाही.

निगडीच्या स्टॉपवर आई माझ्याशी बोलेना. बसमध्ये खिडकीकडं तोंड. चिंचवड गेलं, पिंपरी गेली. कासारवाडी आल्यावर एकदम म्हणाली, “दावला तर काय झालं? झिजला का?”

मी तिकिटाची घडी घातली.

“तीन बोटं गेली तवा घरात मिक्सर आला. आता त्याच बोटांवर तुजं शिक्षण येतंय, तर येऊ दी की! तुला काय जड जायलंय? हात माजा हाय. मी दावीन, न्हाई तर झाकीन. तू कोण झाकणारी?”

शेजारच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. आई खोटं बोलत नव्हती. हात तिचा होता. विकायचा तर तीच विकणार, आणि माझ्यासाठीच विकायला निघाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण तिच्या लेखी यातून पोरीचं भलं होत होतं, आणि पोरगीच लाथ मारून आली होती.

उत्तर मला नंतर सुचलं, ते इथं सांगते, कारण घरात ती अजून ऐकून घेत नाही. आई, हात तुझा आहे. पण त्याचं खोटं कारण माझ्या तोंडून जगभर गेलं, की त्या प्रेसवर बसलेल्या सुनेचा हात मीच आत सारला असं होतं. तेवढं मला नको. फुकट मिळत असलं तरी नको.

सोमवारी मॅडमचा फोन आला. आधी समजूत. मग पाहुण्यांसमोर नाक कापलंस म्हणून राग. मग खरं बोलल्या.

“तुम्हा लोकांचं हेच असतं. जरा वर आणलं की डोक्यावर बसता.”

किती वर्षं हे वाक्य त्यांच्या जिभेखाली होतं! बाहेर आलं त्याचं मला बरंच वाटलं. निदान आता हसू तरी नव्हतं मध्ये.

मी म्हणाले, “मॅडम, बटणाचं तुम्हाला कधी कळलं?”

त्या म्हणाल्या, थकल्यासारख्या, जवळजवळ मायेनं, “सगळ्यांनाच कळतं गं. संस्था चालवायची असते.”

मी नोकरी सोडली. प्राध्यापक बाईंना दोन ओळी लिहिल्या: जागा नको, कारण तुम्ही ऐकलेलं आहे. त्यांचं उलट उत्तर आलं, दार कायम उघडं आहे. दार नेहमी त्यांचंच असतं, आणि उघडंही तेच ठेवतात.

आता चाकणच्या रस्त्यावर एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला आहे. हात येतात. फडक्यात गुंडाळून, पिशवीत बर्फात बोटं घालून. सोबत शेडचा माणूस असतो, तो डॉक्टरना आधीच सांगतो, ‘निष्काळजीपणा’. मी पेशंटच्या कानापाशी वाकून विचारते, बटण बांधलेलं होतं का? बहुतेक जण आधी शेडच्या माणसाकडं बघतात. मग मान हलवतात. काही हलवत नाहीत. त्यांना पोट आहे.

शिष्यवृत्तीची निवड अजून जाहीर नाही. दुसऱ्या विद्यापीठानं जागा किती दिवस धरून ठेवायची याला मर्यादा आहे. आई रोज टोमणा मारते, “आलं का तुजं इमान?” विमान म्हणते की इमान, ते तिचं तिलाच ठाऊक. नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्याच विषयाला. संख्याशास्त्र आत्तापासून घरी करतेय, जड जातंय, रडू येतं, पुन्हा बसते. गोष्टीला हे लोक टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात आणि आंबा खातात. मोजून, पुराव्यानं, कुठल्या शेडमधला कुठला पार्ट कुठल्या कंपनीच्या गाडीत जातो आणि त्याच्यामागं कुणाची बोटं जातात हे मांडलं, की टाळ्या थांबतात. मला त्या थांबवायला शिकायचंय.

शिकून मी इथंच येणार. चाकणलाच. माझी वाट बघू नका, हार आणू नका. शेडवाला मला बघून गेट लावून घेईल, साहेब फोन उचलणार नाहीत, मॅडम रस्त्यात दिसल्या तर गाडीची काच वर करतील. तसंच व्हायला हवं. आणि परत आल्यावर यातल्या कुणी मला प्रेमानं जेवायला बोलावलं, तर समजा, माझं शिक्षण वाया गेलं.